पहाटे सेल्फ जड फिरतो आणि गुरुवारी पुण्याला निघायचंय: आधी काय तपासाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2016 ची डिझेल हॅचबॅक, जुळे सोलापुरात उघड्यावर उभी असते. सकाळी सहाला सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जड फिरतो, दुपारी मात्र गाडी एका झटक्यात सुरू होते. गॅरेजवाल्याने नवी बॅटरी, थंडीसाठी जाड ऑइल आणि अँटिफ्रीझ असे तीन खर्च सांगितलेत. गुरुवारी पहाटे 4 ला आई-वडिलांना घेऊन निघायचंय, पुण्यात 11 ची वेळ घेतली आहे.

तीन खर्चांपैकी पहिला बहुधा खरा निघेल, पण मोजल्याशिवाय करू नका. दुसरा उलट नुकसान करेल. तिसरा करायला हरकत नाही, पण कारण गोठण्याचं नाही. आणि पहाटे 4 च्या निघण्याबद्दल शेवटी बोलू, कारण सोलापूरच्या हिवाळ्यात खरी जोखीम बॉनेटखाली कमी आणि रस्त्यावर जास्त असते.

आधी बॅटरी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 12 ते 15 च्या आसपास उतरतो. एवढ्या थंडीने चांगल्या बॅटरीला काही होत नाही. तिला मारतो तो एप्रिल-मेचा 42-43 अंशांचा उन्हाळा. उष्णतेने आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. मात्र तेव्हा इंजिनही गरम आणि ऑइलही पातळ असल्याने अशक्त बॅटरीसुद्धा गाडी ओढून नेते. थंडीत ऑइल थोडं दाटतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि उन्हाळ्यातलं दुखणं डिसेंबरात उघडं पडतं. म्हणून तीन-चार वर्षं झालेल्या बॅटरीवर संशय घेणं रास्त आहे.

पण संशय वेगळा, मोजमाप वेगळं. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, 20 व्होल्ट डीसीवर लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॉनेट उघडा, दारं लावून दहा मिनिटं थांबा आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजा. 12.6 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली असेल तर ती जवळपास रिकामी आहे. आता मीटर लावलेलाच ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते बघा. इथेच खरं निदान होतं.

उभ्या गाडीत 12.6, पण सेल्फ मारताना 9.6 च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी संपली. चार्ज करून फार तर आठवडा काढाल. उभ्या गाडीतच 12.1-12.2 असेल तर निकाल देण्याआधी ती बाहेर काढून पूर्ण चार्ज करा आणि पुन्हा हीच चाचणी घ्या. कदाचित बॅटरी ठीक असेल आणि रात्री कुणीतरी करंट पीत असेल: डॅशकॅम, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, डिक्कीचा न विझणारा दिवा. गाडी लॉक करून अर्धा तास झाल्यावर हा खर्च साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत हवा.

तिसरी शक्यता बहुतेक ठिकाणी कुणी बघतच नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज 10.5 च्या वरच राहतंय, तरीही सेल्फ जड. मग बॅटरीला दोष देऊ नका. ताकद वाटेत कुठेतरी अडतेय. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन-बॉडीला जोडणारी) किंवा तिचा बोल्ट गंजलाय. हाच प्रकार पॉझिटिव्ह टोक ते सेल्फची जाड केबल असा करा, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. पट्टी उघडून पॉलिश पेपरने घासून परत आवळली की अनेक गाड्यांचा 'बॅटरी गेली'चा प्रश्न तिथेच मिटतो. दोन्ही बाजू ठीक असतील तर सेल्फचे कार्बन आणि बुश तपासायला द्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर 10 नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा. लावताना क्रम उलटा, निगेटिव्ह शेवटी. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात. झाकणांची बॅटरी असेल तर पाणी खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड भरा. आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं, आणि सोलापुरातलं बोअरचं पाणी तर बॅटरीच्या आसपासही नको. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले की अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, ठीक.

सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी चार-पाच सेकंद पकडत नाही, मग पांढरा धूर टाकत थरथरते, असं असेल तर गोष्टच निराळी. ते सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचं लक्षण, ज्याला आपल्याकडे हीटर प्लग म्हणतात. चावी ऑन केल्यावर कॉइलचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारा. घाईत ही सवय सुटते. प्लग तपासायचा तर त्याची वायर काढून पिन आणि इंजिन यांच्यात रेझिस्टन्स मोजा. साधारण एक ओहमच्या आसपास असेल तर जिवंत, मीटर काहीच दाखवत नसेल तर मेलेला. प्लग काढायची वेळ आली तर इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारा स्प्रे मारून, सावकाश. जोर लावला की तो हेडमध्येच तुटतो आणि काहीशे रुपयांचं काम हजारांत जातं. प्लग ठीक असूनही हाच त्रास असेल तर डिझेल लाइनमध्ये हवा शिरतेय का आणि फिल्टरच्या तळाशी पाणी साचलंय का ते बघून घ्या. डिझेल गोठेल ही भीती सोलापुरात बाळगू नका.

ऑइलबद्दल. डब्यावर 5डब्ल्यू-30 लिहिलेलं असतं त्यात डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा. 10डब्ल्यू ऑइलची थंडीची चाचणी उणे 25 अंशांना होते, 5डब्ल्यूची उणे 30 ला. तेव्हा आपल्या 12 अंशांसाठी वेगळं ऑइल लागण्याचा प्रश्नच येत नाही. उलट 20डब्ल्यू-50 सारखं जाड ऑइल ओतलंत तर सेल्फ अजून जड होईल आणि सुरू होतानाचे पहिले काही सेकंद, जेव्हा झीज सर्वाधिक होते, तेव्हा ऑइल वर पोचायला उशीर लागेल. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच, बारा महिने. गाडी सुरू केल्यावर दहा मिनिटं जागेवर घुरघुरत ठेवण्याचीही गरज नाही. अर्धा मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर 2000 आरपीएमच्या आसपास सावकाश न्या. बंद शेडमध्ये तर इंजिन चालू ठेवून थांबूच नका, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कूलंट, म्हणजे गॅरेजवाल्याचं अँटिफ्रीझ, मात्र तपासा. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण उणे 35 च्याही खाली गोठतं, म्हणजे आपल्या गरजेच्या कितीतरी पलीकडे. ते घालायचं गंज, क्षार आणि उन्हाळ्यातली उकळी यांच्यासाठी. बाटलीतलं पाणी तांबूस किंवा गढूळ दिसत असेल तर कुणीतरी नळाचं पाणी ओतलेलं आहे. पूर्ण काढून, धुऊन नवीन भरा. वेगवेगळ्या रंगांची कूलंट एकत्र करू नका आणि गरम इंजिनवर झाकण उघडू नका. थंडीत तापमानाचा काटा वीस मिनिटांनीही मधोमध येत नसेल आणि हीटर कोमटच फुंकत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी-बंद करणारी झडप, उघडा अडकलाय. गाडी बंद पडत नाही म्हणून तो दुर्लक्षित राहतो, आणि गाडी डिझेल मात्र जास्त पीत राहते.

टायरमधल्या हवेत एक चकवा आहे. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की साधारण 1 पीएसआय कमी होतो. दुपारी 30 अंशांत, गाडी फिरवून तापलेल्या टायरमध्ये 33 भरलंत तर पहाटे 14 अंशांना तिथे 29-30 च असणार. म्हणून हवा सकाळी, घराजवळच्या पंपावर, टायर थंड असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा. मागे माणसं आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवरचा भारित गाडीचा आकडा घ्या. स्टेपनीत 2-3 पीएसआय जास्तच ठेवा. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद.

बॉनेट उघडलंच आहे तर उंदरांची लेंडी आणि कुरतडलेल्या वायरी बघून घ्या. थंडीत त्यांना गरम इंजिनशेजारी ऊब मिळते. साखर कारखान्याच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी अजून एक: उसाचं गाळप सुरू असताना बगॅसची (उसाच्या चोथ्याची) काळी राख काचेवर, बॉनेटवर बसते. ती कोरड्या फडक्याने पुसली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखे ओरखडे उठतात. आधी पाणी मारा. वायपरही कोरडे फिरवू नका. उन्हाळ्यात त्यांचं रबर कडक झालेलं असतं, रेघा मारत असतील तर बदलूनच निघा. गुरुवारी ते लागतील.

कारण काच. बंद गाडीत तिघांचा श्वास, बाहेर थंडी, म्हणजे काच आतून धुरकट होणार. हाताने पुसू नका, तेलकट डाग पडतो आणि समोरून दिवा आला की तो चमकतो. एसी चालू, तापमान गरमवर, हवा काचेकडे, आणि रीसर्क्युलेशन बंद म्हणजे बाहेरची हवा आत. एसी थंडीसाठी नाही, हवेतली ओल काढायला हवा. एक-दोन मिनिटांत काच निवळते. ओल बाहेरच्या बाजूला असेल तर एसी काचेवरून हटवा आणि वायपर फिरवा. काच सारखी धुरकटते, आत गोडसर वास येतो आणि पायाखालची चटई ओलसर आहे, असं तिन्ही जमलं तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, कूलंट फिरणारा छोटा रेडिएटर) गळतोय. रीसर्क्युलेशन तासन्तास चालू ठेवलं की आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पहाटेची झोप अजून जड होते, हेही लक्षात ठेवा.

आता रस्ता. गाळप हंगामात मोहोळ, मोडनिंब, टेंभुर्णी या पट्ट्यात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने भरलेला. कधी टायर लावलेल्या बैलगाड्यांची रांग. उसाचा मागचा भाग प्रकाश परत फेकत नाही, तो खातो. डिपरवर, म्हणजे दिव्याच्या खालच्या झोतावर, अशी वस्तू साधारण 45-50 मीटरवर दिसते.

आता हिशेब करा. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. 80 च्या वेगाला तेवढ्यात 33 मीटर जातात, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून 30-35. म्हणजे 65 ते 70 मीटर. ट्रॉली 50 वर दिसली. 60 च्या वेगाला हेच गणित 25 अधिक 20, एकूण 45. म्हणून समोर मोकळा रस्ता नाही आणि डिपरवर चालवायची वेळ आहे तेव्हा 60, त्याच्या वर नाही. हायवे चौपदरी आहे म्हणून ट्रॉली डाव्या लेनमध्येच असेल असं धरू नका, उलट्या दिशेनेही येतात. समोर कुणी नसेल तेव्हा अप्पर, म्हणजे वरचा झोत, वापरायला लाजू नका.

बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकामागे दगड लावतात. ट्रॉली दुरुस्त होऊन जाते, दगड तिथेच राहतात. रस्त्यावर उसाच्या कांड्या विखुरलेल्या दिसल्या की पुढे ट्रॉली आहे किंवा नुकती गेली आहे असं समजून वेग उतरवा. ट्रॉलीला ओलांडताना ट्रॅक्टरवाल्याच्या टेपपुढे तुमचा हॉर्न त्याला ऐकू येईल ही आशा ठेवू नका. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांची लांबी एसटीपेक्षा जास्त भरते, आणि मागची ट्रॉली डुलते. दीड-दोन मीटर जागा सोडूनच पुढे व्हा.

उजनी धरणाच्या जलाशयाजवळ, टेंभुर्णी ते भिगवण, धुकं असतं. तिथे डिपर आणि असतील तर फॉग लॅम्प. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, वळताना तुमचा इशारा कुणाला कळणार नाही. 50 मीटर दिसत असेल तर 50 चा वेग, त्याहून कमी दिसत असेल तर ढाबा किंवा पंप बघून आत घ्या. कडेला थांबणं सर्वात घातक.

दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर 1000, 2000, 3000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासा, पॉलिश मारा आणि वरून अतिनील किरणांपासून बचाव करणारा कोट द्या, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळ्या होतील. एच4 बल्ब 60/55 वॉटचाच ठेवा; 100 वॉटचा बसवला तर होल्डर वितळतो.

पहाटे 4 ला निघालात तर सव्वा-दीड तासात, म्हणजे ऐन अंधारात, टेंभुर्णीला धुक्यात पोचाल. साडेपाचला निघा. ऊसपट्टा सरता सरता फटफटेल आणि उजनीचा टप्पा उजेडात येईल. धुकं असलं तरी ट्रॉली ओळखता येईल. वाटेत 15 मिनिटांचा चहा धरूनही 11 गाठता येतात. धुक्यात थांबावं लागलं तर उशीर होईल, म्हणून बुधवारीच फोन करून अर्ध्या तासाची सवलत मागून ठेवा. मागे बसलेल्या आई-बाबांना पट्टे लावायला सांगा, शाल पट्ट्याच्या आत नको, वरून घ्या. परतीला दुपारी तीनपर्यंत पुणे सोडा, म्हणजे निदान इंदापूरपर्यंत उजेड साथ देईल.

बॅटरीची मोजणी मंगळवारपर्यंत उरका. आकडे इथे लिहा: उभ्या गाडीतलं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं आणि इंजिन चालू असतानाचं. त्यावरून बॅटरी घ्यायची की पट्टी घासायची ते लगेच सांगता येईल.