वाचकांचे प्रश्न : तेल संपणार की परवडेनासे होणार?

इंधनाच्या भवितव्याविषयी रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : १९८० च्या सुमारास आम्ही वर्गात मुलांना सांगत असू की जगातील खनिज तेल जेमतेम तीस वर्षे पुरेल. ती तीस वर्षे केव्हाच उलटली आणि आता पन्नास वर्षांचा साठा आहे असे वाचनात येते. तेव्हाचे तज्ज्ञ चुकले, की आताचे चुकत आहेत?
— निवृत्त शिक्षक, राजापूर

उत्तर : दोघांचाही भागाकार बरोबर आहे, पण त्यावरून तेल अमुक साली संपेल असे म्हणता येत नाही. सिद्ध साठ्याला त्या वर्षीच्या उत्पादनाने भागले की ही वर्षे निघतात. सिद्ध साठा म्हणजे भूगर्भातले सगळे तेल नव्हे. आजच्या तंत्राने आणि आजच्या भावाला जेवढे काढणे परवडेल तेवढेच त्यात धरतात. एखाद्या क्षेत्रात मुळात असलेल्या तेलापैकी सरासरीने तिसरा हिस्साच वर येतो, त्यामुळे भाव चढला किंवा तंत्र सुधारले की कालपर्यंत हिशेबाबाहेर असलेले तेल हिशेबात येते आणि साठा 'वाढतो'. शिवाय १९८० च्या दशकात ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेतील अनेक देशांनी आपल्या साठ्याचे आकडे अचानक फुगवून जाहीर केले; उत्पादनाचा कोटा ठरवताना साठा विचारात घेतला जाणार होता, हे त्यामागचे कारण मानले जाते. तेव्हा पन्नास वर्षांच्या आकड्यावरही फार विसंबू नये.

जाणकारांमधला खरा वाद साठ्याविषयी नाही, रोज किती तेल वर येऊ शकते याविषयी आहे. वैशाखात आगरातल्या विहिरीत पाणी दिसत असते, पण झरा मंदावलेला असल्यामुळे पंप तासभर चालवून थांबावे लागते. तेलक्षेत्राचेही तसेच होते. शेल या तेल कंपनीतील भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये हाच विचार गणितात मांडला आणि अमेरिकेचे तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठून उतरणीला लागेल असे भाकीत केले. १९७० मध्ये दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर ते शिखर आले आणि हबर्ट यांचा दबदबा वाढला. जगाचे शिखर २००० च्या आसपास येईल हा त्यांचा दुसरा अंदाज मात्र फसला. १९९८ मध्ये कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाहेरेर या तेलतज्ज्ञांनी तीच मांडणी नव्याने केली. २००८ च्या जुलैत भाव पिंपाला १४७ डॉलरवर गेला, तेव्हा त्यांचेच खरे ठरले असे अनेकांना वाटले. त्यानंतर अमेरिकेने शेल नावाच्या थरदार खडकाला उच्च दाबाच्या पाण्याने भेगा पाडून तेल काढण्याचा सपाटा लावला आणि २०१८ मध्ये १९७० चे शिखर मागे टाकले.

म्हणून हबर्टपंथीयांना सरसकट खोटे ठरवणे मला योग्य वाटत नाही. नेहमीच्या पद्धतीने मिळणाऱ्या तेलाचे जागतिक शिखर २००६ मध्येच येऊन गेले, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनेच २०१० मध्ये म्हटले होते. त्यानंतरची वाढ मुख्यतः महागड्या आणि किचकट स्रोतांतून आली आहे. शेलच्या विहिरीचे उत्पादन पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्याने घटते, त्यामुळे आहे त्या जागी टिकून राहण्यासाठीही सतत नव्या विहिरी खणाव्या लागतात.

याचे उदाहरण आपल्याच समुद्रात आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खणणाऱ्या यंत्रनौकेने मुंबई हाय या क्षेत्राचे तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८९ च्या सुमारास ते दिवसाला चार लाख पिंपांच्या वर पोहोचले. पुढे चुनखडीच्या त्या खडकातला दाब टिकवण्यासाठी आत पाणी सोडत राहावे लागले आणि तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढत गेले. पुनर्विकासावर मोठा खर्च होऊनही जुने शिखर परत आलेले नाही. उरणला तेल आजही येते. ते संपलेले नाही, फक्त प्रत्येक पिंपामागचे कष्ट वाढले आहेत.

प्रश्न : माझी यांत्रिक नौका जुनी झाली आहे. मुलगा कर्ज काढून नवी बांधायची म्हणतो. गाड्या विजेवर चालू लागल्या, मग नौकेला पुन्हा डिझेल इंजिनच बसवावे का?
— नौकामालक, हर्णै

उत्तर : आपल्या मुलाच्या कर्जाची मुदत संपेपर्यंत खोल समुद्रातल्या मासेमारीला डिझेलवाचून पर्याय दिसत नाही. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. टाकीत हजार लिटर डिझेल भरले तर १०,००० युनिट झाली. इंजिन त्यातली ३५ ते ४० टक्केच पंख्यापर्यंत पोहोचवते असे धरले तरी कामाला आलेली ऊर्जा ३,५०० ते ४,००० युनिट होते. लिथियमच्या बॅटरीत, पेटी आणि वायरिंगसकट, किलोमागे ०.१५ युनिटाच्या आसपास वीज साठते. म्हणजे तेवढ्याच फेरीसाठी पंचवीस टन बॅटरी वाहावी लागेल, आणि डिझेलचे वजन मात्र टनभरही नाही. बर्फ, जाळी, खलाशी आणि मासळी मग ठेवायची कुठे?

खाडीतली गोष्ट वेगळी आहे. केरळात वैकम येथे 'आदित्य' ही सौर प्रवासी बोट २०१७ पासून चालते, कारण तिचे अंतर थोडे व ठरलेले आहे आणि ती पुन्हा पुन्हा धक्क्याला लागते. आपल्या खाड्यांतल्या तरींना हे जमण्यासारखे आहे.

आपण पैसे घालायचेच तर डिझेल वाचवण्यात घाला. पंखा इंजिनाला जुळणारा असावा आणि तळाला साचलेले कालव-शेवाळ १ जून ते ३१ जुलैच्या बंदीच्या काळात निगुतीने खरवडून काढावे. वेग दहा टक्क्यांनी उतरवला तर तेवढ्याच अंतराला ढोबळमानाने पाचवा हिस्सा डिझेल कमी लागते. धक्का गाठून लिलावात पहिला भाव पकडण्याच्या घाईत हे पाळणे कठीण, याची कल्पना आहे. परंतु डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा मच्छीमारांना मिळणारा परतावा केव्हा हाती पडेल हे आपल्या हातात नाही, वेग मात्र आहे. कर्जाचा हिशेब मांडताना डिझेल आजच्या भावाने धरू नका. भाव दीडपट झाला तरी हप्ता फिटतो का, ते आधी पाहा.

प्रश्न : तेलाची मागणीच घटणार असेल तर कोकणात रिफायनरीचा आग्रह कशाला? आणि तेल टिकणार असेल तर जैतापूरच्या अणुप्रकल्पाची गरज काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : आधी दुसऱ्या भागाविषयी. अणुवीज तेलाची जागा घेत नाही, कारण आपल्याकडे तेलावर वीज जवळजवळ तयारच होत नाही. जैतापूरच्या नियोजित सुमारे दहा हजार मेगावॉटची तुलना कोळसा आणि सौर विजेशी करायला हवी.

मागणीच्या शिखराचा वाद खरा आहे. खनिज इंधनांची जागतिक मागणी २०३० पूर्वी शिखर गाठेल असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये म्हटले, तर तेलाची मागणी २०४५ पर्यंत वाढतच राहील असे त्याच वर्षी ओपेकचे मत होते. दोघांचेही हितसंबंध आणि गृहीतके ध्यानात ठेवून हे आकडे वाचावेत. भारताची मागणी आज तरी वाढते आहे. मात्र नाणारला आधी वर्षाला सहा कोटी टनांची ठरलेली आणि नंतर बारसूकडे सरकलेली रिफायनरी तेल निर्माण करणार नव्हती, बाहेरून आणलेले कच्चे तेल शुद्ध करणार होती. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते. रिफायनरीमुळे ते अवलंबित्व कमी होते असे कोणी सांगितले तर मान्य करू नये. जमीन, पाणी आणि रोजगार यांचे प्रश्न स्वतंत्र आहेत, त्यांचा निवाडा शिखराच्या वादातून होणार नाही.

इंधनाचा पुरवठा गृहीत धरला की काय होते, हे गुहागर तालुक्याने पाहिले आहे. दाभोळचा वीजप्रकल्प १९९९ मध्ये नाफ्था या खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर सुरू झाला आणि २००१ मध्ये विजेच्या दरावरून बंद पडला. पुन्हा उभा राहिल्यावर पुढे भिस्त देशी गॅसवर आली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ज्या केजी-डी६ क्षेत्राचा फार गाजावाजा झाला होता, तिथले उत्पादन २००९ मध्ये सुरू होऊन वर्षभरात शिखरावर गेले आणि वेगाने कोसळले. २०१३ मध्ये गॅसअभावी हे केंद्र ठप्प झाले. यंत्रे जागच्या जागी होती.

प्रश्न : छपरावर सौर पॅनेल बसवावेत का? कोकणात चार महिने पाऊस, आणि गॅस सिलिंडरचा खर्च काही कमी होत नाही.
— गृहिणी, श्रीवर्धन

उत्तर : छप्पर भक्कम असेल तर बसवा. तीन किलोवॉटचा संच निरभ्र दिवशी १० ते १२ युनिट देतो, पावसाळ्यात निम्मी किंवा त्याहूनही कमी. नेट मीटरिंगमुळे उन्हाळ्यातली जादा वीज खात्यावर जमा होते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. घरगुती सिलिंडरचे काम इंडक्शन शेगडीवर साधारण सव्वाशे ते दीडशे युनिटांत होते, आणि देशात वापरला जाणारा निम्म्याहून अधिक स्वयंपाकाचा गॅस आयात होतो, म्हणून निदान भात-डाळ आणि चहा विजेवर करून पाहावा. सिलिंडर मात्र ठेवाच. पावसात वीज जाते तेव्हा शेगडीही बंद आणि बिनबॅटरीचे पॅनेलही बंद. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्याकडच्या छपरांचे काय झाले ते आपण जाणताच, त्यामुळे सांगाडा चांगल्या जाडीच्या जस्तलेपित लोखंडाचा घ्या, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा आणि वाऱ्याच्या किती वेगाला तो टिकेल हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.