ब्लॅकबर्नला येताय आणि पोरगा युनायटेडचा फॅन आहे, तर ताई, जरा सविस्तर सांगतो

ताई, तुम्ही विचारलंय की नाशिकहून इंग्लंडात ब्लॅकबर्नला येतोय, हॉस्पिटलात नर्सची नोकरी पक्की झालीये, नऊ वर्षांचा मुलगा मँचेस्टर युनायटेडचा कट्टर फॅन आहे, तर शाळेत फुटबॉलवरून त्याला त्रास होईल का, युनायटेडची जर्सी घालून फिरलेलं चालेल का, आणि इथे एकटेपणा वाटतो का. व्हिसा, हेल्थ सरचार्ज, पगाराची अट वगैरे सरकारी साइटवर नीट दिलंय, त्यात मी पडत नाही. पण जर्सीचा प्रश्न वाचला आणि माझं डोकं जुन्या गोष्टींतच फिरत राहिलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी सरळ उत्तर. युनायटेडची जर्सी चालेल. त्याच्या वर्गात अजून चार पोरांकडे असेल, लिव्हरपूलवालेही असतील, मँचेस्टर सिटीवाले तर आता सगळीकडेच. 'जिंकणाऱ्यांच्या मागे लागलेला' असं कुणीतरी चिडवेल, तेवढं सोसावं लागतं. फक्त एक गोष्ट येण्याआधी बघा. यूट्यूबवरून त्याने गाणी पाठ केली असतील तर ती कुठली आहेत ते एकदा ऐका. 15 एप्रिल 1989 ला हिल्सबरोच्या स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली, त्यात लिव्हरपूलची 97 माणसं गेली, आणि 6 फेब्रुवारी 1958 ला म्युनिकच्या विमान अपघातात 23 माणसं गेली, त्यात युनायटेडचे आठ खेळाडू. या दोन्हींवरून समोरच्याला डिवचणारी घोषणाबाजी अजूनही चालते, त्यासाठी लोकांना अटक होते, स्टेडियमबंदी होते. तिकडे बसून ते नुसते शब्द वाटतात. इथे शेजारच्या बाकावरच्या मुलीचा काका त्यात गेलेला असू शकतो.

आता माझं. मी मूळचा पुण्याचा, आणि गोम तिथेच आहे. 2005 ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला लिव्हरपूल हाफटाइमला तीन गोलनी मागे होतं आणि तरी शेवटी पेनल्टीवर जिंकलं, ती मॅच मी रात्रभर जागून बघितली आणि तेव्हापासून लिव्हरपूलचा झालो. लहानग्या पोरालाही मांडीवर घेऊन बघायचो. शनिवारी जेवणं आटपली की साडेसात नाहीतर साडेआठला मॅच लागायची, बायको म्हणायची झोपवा त्याला, तो झोपायचा नाही. इथे आलात की कळेल, शनिवारी दुपारी तीनची मॅच इंग्लंडात टीव्हीवर लाइव्ह दाखवतच नाहीत! सगळ्या जगाला दिसते, इथे नाही. लोकांनी घरी न बसता आपापल्या गावच्या ग्राउंडवर जावं म्हणून 1960 च्या दशकापासून हे चाललंय, आणि त्यासाठी आग्रह धरणारा माणूस म्हणजे बर्नलीचा चेअरमन बॉब लॉर्ड, बर्नली म्हणजे ब्लॅकबर्नच्या शेजारचंच गाव. तर आम्ही लिव्हरपूलपासून तासाभराच्या अंतरावर राहायला आलो आणि बापलेकांची शनिवारची मॅचच गेली.

आम्ही 2011 च्या शेवटी आलो, यापेक्षा वाईट वेळ पुणेकरासाठी नव्हती. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इथला क्लब, 1888 ला फुटबॉल लीग ज्या बारा क्लबांनी सुरू केली त्यातला एक. इथल्याच जॅक वॉकर नावाच्या पोलादवाल्याने पैसे ओतले आणि 1995 ला या छोट्या गावाने प्रीमियर लीग जिंकली. तो क्लब नोव्हेंबर 2010 मध्ये आमच्या पुण्याच्या वेंकीजने, त्या कोंबडीवाल्या कंपनीने, विकत घेतला. महिन्याभरात मॅनेजर सॅम अलरडाइसला काढलं. पुढे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खातायत अशी टीव्हीवर जाहिरात आली. ऑक्टोबर 2011 ला टीम बालेवाडीला मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेली. पुण्यात कौतुक होतं, इथे लोकांच्या डोळ्यांत आग होती. मे 2012 मध्ये भर पावसात विगनकडून हरून टीम खालच्या लीगमध्ये गेली, आणि त्या मॅचला कुणीतरी रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली.

आणि माझा पोरगा त्या शाळेत 'पुण्याहून आलेला'.

शाळा कशी मिळाली तेही सांगतो, कारण तुम्हीही वर्षाच्या मध्येच येणार दिसताय. घरमालकाला इथलं बँक अकाउंट हवं, बँकेला इथला पत्ता हवा, कौन्सिलला शाळेच्या अर्जासाठी पत्त्याचा पुरावा हवा, तो येणार काउन्सिल टॅक्सच्या बिलावरून आणि ते बिल येणार घर घेतल्यावर. हे सगळं फिरून होईपर्यंत घराजवळच्या शाळेतली जागा गेली आणि दोन बस बदलून जायची शाळा मिळाली, तिथे त्याच्या ओळखीचं एकही पोर नाही. फोनवर कौन्सिलच्या बाई फार गोड बोलायच्या, काम मात्र पुढे सरकायचं नाही.

त्या शाळेत पोरं त्याला बघून हात बगलेत घालून पंख फडफडवायची, कोंबडीचे आवाज काढायची. सुरुवातीला तोही हसायचा. मग डबा तसाच परत यायला लागला. मी शाळेत जाऊन बोललो तर बाई म्हणाल्या, मुलांची फुटबॉलवरची चेष्टा आहे, या गावात सध्या सगळेच दुखावलेत, तुम्ही समजून घ्या. ताई, गाव दुखावलंय हे मला समजत होतं हो. आठ वर्षांच्या पोराने त्याची भरपाई का करायची ते मला कुणी सांगितलं नाही, आणि चेष्टा फुटबॉलची होती की रंगाची हेही कुणी विचारलं नाही. आज तो एकवीस-बावीसचा आहे, तरी त्या ऑफिसातली ती खुर्ची आठवली की माझं अंग तापतं.

पुढे जे झालं त्याचा मला अजून उलगडा होत नाही. शेजारी एक आजोबा राहायचे, रिटायर झालेले, पिढ्यान् पिढ्या रोव्हर्सवाले. मी पुण्याचा कळल्यावर आधी गप्प झाले, मग म्हणाले, तुमचा काय दोष. मी लिव्हरपूलचा आहे म्हटल्यावर मात्र आत बोलावून चहा दिला. 14 मे 1995 ला ते अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या ग्राउंडवर होते. शेवटची मॅच, रोव्हर्स तिथे लिव्हरपूलकडून 2-1 हरले, पण तिकडे युनायटेड वेस्ट हॅमशी बरोबरीत अडकलं आणि ट्रॉफी ब्लॅकबर्नला आली. रोव्हर्सचा मॅनेजर होता केनी डल्ग्लिश, लिव्हरपूलचाच देव. युनायटेडला ट्रॉफी मिळू नये म्हणून अ‍ॅनफिल्डची माणसं स्वतःच्या टीमचा विजय नकोसा वाटून घेत होती, असं आजोबा डोळे पुसत सांगायचे. इथली निष्ठा अशी असते बघा, कुणावर प्रेम त्याहून कुणावर राग हे कधीकधी आधी ठरतं.

हे आजोबा एका शनिवारी माझ्या पोराला ईवुड पार्कला, रोव्हर्सच्या ग्राउंडवर घेऊन गेले, रिव्हरसाइड स्टँडमध्ये. संध्याकाळी पोरगा घसा बसवून आला, गाल थंडीने लाल, गळ्यात आजोबांचा निळा-पांढरा मफलर. म्हणाला, बाबा, तिथे सगळेच मालकांना ओरडत होते, मी पण ओरडलो. पुण्याच्या माणसांना! सोमवारी शाळेत त्याने हे सांगितलं आणि कोंबडीचे आवाज त्या आठवड्यापासून कमी होत बंद झाले. पुण्याच्या नावाने ओरडून माझा पोरगा ब्लॅकबर्नचा झाला. मला आनंद झाला, खरंच झाला, त्या रात्री तो पोटभर जेवला. आणि बायको झोपल्यावर मी एकटाच बराच वेळ किचनमध्ये बसलो होतो.

आपल्याकडे पेठेतलं मंडळ कसं असतं, आपण ते निवडत नाही, ज्या बोळात राहतो तो बोळ ठरवतो, तसंच हे. टीव्हीवरचा क्लब आपण निवडतो, गावचा क्लब आपल्याला धरतो. आणि एकदा धरलं की सोडणं अवघड. खेळाडू सोडतात, त्यांना लोक माफ करत नाहीत. सोल कॅम्पबेल 2001 ला टॉटनहॅमवरून आर्सेनलला गेला, अजून त्याचं नाव काढलं की टॉटनहॅमवाले शिव्या घालतात. 2025 मध्ये लिव्हरपूलचाच ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड रियाल माद्रिदला जाणार कळलं तर अ‍ॅनफिल्डवर स्वतःच्या लोकांनी त्याला हुर्यो केली, तो पोरगा त्याच शहरात वाढलेला.

फॅनचं मात्र वेगळं. 2002 ला विम्बल्डनचा क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी मिळाली, तर फॅननी एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढून अगदी तळापासून खेळायला सुरुवात केली. 2005 ला ग्लेझर कुटुंबाने तुमच्या मुलाचं युनायटेड घेतलं तेव्हा काही कट्टर लोकांनी ओल्ड ट्रॅफर्ड हे युनायटेडचं ग्राउंड सोडून एफसी युनायटेड काढला. आमच्या आजोबांनी तिसरा मार्ग धरला. मालक जाईपर्यंत पाय ठेवणार नाही म्हणाले आणि सीझन तिकीट बंद केलं. त्यांच्यासारखे पुष्कळ. ज्यांनी माझ्या पोराला त्या स्टँडमध्ये नेलं ते घरी रेडिओ लावून बसायचे आणि पोरगा जायचा. त्यांच्यात कधी भांडण झालं नाही, पण मॅचवरून आल्यावर आधी त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगायचा, नंतर आमच्या घरी.

एप्रिल 2015, एफए कपची क्वार्टर फायनल. मार्चमध्ये अ‍ॅनफिल्डला 0-0 झाली आणि रीप्ले, म्हणजे पुन्हा खेळायची मॅच, ईवुडला. लिव्हरपूल माझ्या दारात, आणि माझं तिकीट पोराबरोबर रोव्हर्सच्या लोकांत. डार्वेन एंडला लिव्हरपूलवाले बसले होते, माझी गाणी गात होते आणि मी हात खिशात घालून बसलो होतो. सत्तराव्या मिनिटाला लिव्हरपूलच्या कुटिन्योने गोल मारला. मी हललो नाही. पोराने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बघायचं टाळलं असावं. अगदी शेवटी रोव्हर्सचा गोलकीपर सायमन ईस्टवुड पुढे धावत आला आणि त्याने शॉट मारला, आमचा गोलकीपर मिन्योलेने तो अडवला. बॉल सुटला त्या क्षणी पोराने माझी बाही घट्ट धरली होती. तो गोल व्हावा असं मला वाटलं की नाही? आजवर स्वतःला विचारतो, उत्तर येत नाही.

तर ताई, तुम्ही मुलाच्या त्रासाचं विचारलंत, पण पोरं सावरतात हो. आपल्यासोबत आणलेलं त्यांनी हळूहळू खाली ठेवलं की ते आपल्याला दिसतं. एप्रिल 2025 ला लिव्हरपूलने टॉटनहॅमला 5-1 हरवून लीग जिंकली, तर मॅंचेस्टरहून पोराचा मेसेज आला, 'अभिनंदन बाबा'. चांगलाच मेसेज आहे. पण अभिनंदन परक्या घरच्या लग्नाचं करतात ना?

एकटेपणाचं विचारलंत. असतो. कढीपत्ता मिळतो, गुजराती-पाकिस्तानी दुकानं भरपूर आहेत, मराठी माणसं मँचेस्टरकडे भेटतात. कामाला लागलात की दिवस जातो.

बर्नलीचं मात्र गांभीर्याने घ्या. तुमच्या नोकरीत दोन्ही गावची माणसं भेटतील, गोडच असतात, पण डर्बीच्या, म्हणजे या दोन गावांच्या मॅचच्या, आठवड्यात कुणाची बाजू घेऊ नका. मधे काही वर्षं तर पाहुण्या फॅननी फक्त ठरलेल्या बसमधून पोलिसांसोबतच यायचं असा नियम होता, सतरा-अठरा किलोमीटरच्या अंतरासाठी. मार्च 2014 ला बर्नलीने पस्तीस वर्षांनी आम्हाला हरवलं तेव्हा आमच्याकडे दोन दिवस पोरगा बोलला नव्हता. (हे 'आम्हाला' आपोआप लिहिलं गेलं, राहू दे.) क्लॅरेट म्हणजे गडद मरून रंगाचं जॅकेट मुलासाठी आणू नका, तो बर्नलीचा रंग.

आल्यावर लगेच त्याला ईवुडला न्या. युनायटेड सोडायला सांगू नका, शाळेत मिळेल ते मिळू दे. लहान मुलांची तिकिटं ओल्ड ट्रॅफर्डच्या मानाने खूपच स्वस्त असतात आणि सहज मिळतात. ब्लॅकबर्न एंड किंवा रिव्हरसाइड घ्या, डार्वेन एंडला पाहुणे बसतात, तिथलं घेऊ नका. आणि त्या दिवशी युनायटेडची जर्सी घरी, साधा स्वेटर आणि वर जाड जॅकेट, कारण रिव्हरसाइडला नदीकडून वारा येतो. कुणी गाव विचारलं तर नाशिक सांगा. मालकांचं विचारतीलच, तेव्हा पुण्याचा एक माणूस इथे बरीच वर्षं रोव्हर्सच्या लोकांत बसतो म्हणावं.