तुरा दिसला म्हणून घाई नको

लेकरा,

तुझा फोटो मोठा करकरून पाहिला. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावरचा, म्हणजे तिथल्या उघड्या पठारावरचा पक्षी, डोक्यावर तुरा, रंग मातकट. आणि खाली तू लिहिलंयस, ‘युवराज, मादी’. मला तो मलबारी चंडोल वाटतो. वाईट वाटून घेऊ नको. सज्जनगडाच्या पायऱ्यांशेजारी मी नेमकी उलटी चूक केली होती. बसली होती युवराजाची मादी आणि वहीत ‘चंडोल’ लिहून मी मोकळा!

तुरा दोघांनाही असतो, लांबीही सारखीच, १६-१७ सेंटीमीटर. म्हणून तुरा सोड, चोच बघ. युवराज भारीट कुळातला, दाणे फोडणारा. त्याची चोच आखूड, बुडाशी जाड, चिमणीच्या वळणाची. चंडोलाची लांबट, निमुळती. मग छाती बघ. चंडोलाच्या छातीवर काळपट रेघोट्या ठसठशीत दिसतात, मादी युवराजाच्या पुसट असतात. तिच्या पंखांत दालचिनीचा रंग असतो, उडाली की पटकन कळतो. नराचं काही सांगत नाही. काळं कुळकुळीत अंग, विटकरी पंख-शेपटी. तो ओळखायला माझी गरज नाही.

खरं भांडण माझं वेगळंच आहे. पक्ष्याचे अकरा फोटो पाठवलेस, जागेचा एकही नाही! उघडा जांभा, खुरटं गवत, पवनचक्क्यांखालची सपाटी, हे चंडोलाचं राज्य. तिथे तो तुरुतुरु चालतो आणि गायचं मनात आलं की गात गात आभाळात चढतो. युवराजाला उतार हवा, दगडधोंडे हवेत, मधूनमधून झुडपं. पावसाळ्यात नर एखाद्या धोंड्यावर नाहीतर झुडपाच्या शेंड्यावर बसून तेच ते छोटं गाणं घोळवत राहतो. यवतेश्वराच्या घाटात गाडी बाजूला लावून असे उतार न्याहाळत जा.

पुढच्या खेपेला कॅमेरा आधी पिशवीतच राहू दे. बसला कशावर, चालला की नाही, गायला तो बसून की उडताना, एवढं वहीत लिही. सड्यावर आडवंतिडवं फिरू नको. चंडोलाचं घरटं जमिनीवरच, गवताच्या आडोशाला असतं. छत्री नेऊ नको, तिथला वारा ती ठेवत नाही.

आणि हो, सातव्या फोटोत मागे तारेवर एक काळा पक्षी आहे, पंखावर पांढरा पट्टा. गप्पीदास आहे तो. त्याची नोंद कुठंय?

तुझा,
काका