सरकारी रुग्णालयात नर्सिंग स्टाफ म्हणून काम करणं कसं असतं?

तुमच्या धाकट्या बहिणीला बारावी सायन्सनंतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करायचाय आणि घरचे एकच विचारतायत, "तिला रक्त बघवेल का?" रक्ताची काळजी सोडा, त्याची सवय लवकर होते. मी सरकारी रुग्णालयात मेडिसीन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. कागदोपत्री अधिपरिचारिका, बाकी सगळ्यांसाठी "ओ सिस्टर, सलाईन संपलं!"

डॉक्टर राउंडला येतात, ऑर्डर लिहितात आणि पुढच्या बेडकडे जातात. पुढच्या राउंडपर्यंत पेशंट आमच्या नजरेखाली. काल रात्रभर बडबड करणारे आजोबा आज विचारलेल्याला उशिरा उत्तर देतायत, अंगाला घाम आहे, हे आधी दिसतं ते आम्हाला. लगेच ग्लुकोमीटर आणायचा. साखर 70 च्या खाली गेली असेल तर डॉक्टरांना फोन आणि गिळता येत असेल तर तोंडावाटे साखर. म्हणून हँडओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीवालीकडून वॉर्डचा ताबा घेताना मी कागदापेक्षा पेशंटकडे बघते: सुई लावलेला हात सुजलाय का, लघवीची पिशवी किती भरलीय, ऑक्सिजन किती लिटरवर आहे.

हिशेब पक्का लागतो. सलाईनची 500 मिलीची बाटली आठ तासांत द्यायची आणि नळीचा सेट 20 थेंबांचा (20 थेंब म्हणजे एक मिली) असेल, तर मिनिटाला साधारण 21 थेंब. ते घड्याळ लावून मोजायचे. तुम्ही पाठ फिरवली की नातेवाईक नळीवरचं चाक सैल करतात, लवकर संपलं म्हणजे लवकर सुट्टी! हृदयाच्या पेशंटला त्यानेच धाप लागू शकते, हे दहा वेळा सांगावं लागतं. इन्शुलिनचं तर विचारूच नका. आपल्याकडे एका मिलीत 40 युनिटची बाटली मिळते आणि 100 ची पण. पहिलीला लाल टोपणाची सिरिंज, दुसरीला केशरी. 100 चं औषध लाल सिरिंजने खुणेबरहुकूम भरलं तर डोस अडीचपट जातो. घाई कितीही असो, बाटली आणि सिरिंज शेजारीशेजारी धरून वाचायची. आमच्या इन्चार्ज सिस्टर भरलेला डोस दुसऱ्या नर्सला दाखवल्याशिवाय टोचू देत नाहीत, आणि बरोबरच आहे ते.

दमवतात ती माणसं. एका पेशंटमागे सहा नातेवाईक, प्रत्येकाला वेगळं सांगायचं, आणि रिपोर्ट उशिरा आला की शिव्या आम्हाला. रुग्णालयातल्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, त्यात नर्सही येतात, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण रात्री दोन वाजता भरलेल्या वॉर्डात तुम्ही, मावशी आणि नशीब असेल तर एक मामा (वॉर्डबॉय). तेव्हा कायद्यापेक्षा आवाज चढू न देण्याची सवय कामाला येते. नाईट संपवून घरी आल्यावर दिवसा झोप मिळणं हा आणखी वेगळा विषय, सासरचे समजूतदार असतील तरच.

चांगलं काय, तर पॅरालिसिसचा पेशंट महिनाभर पडून असतो आणि घरी जाताना पाठीवर एकही बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) नसतो. दर दोन तासांनी कूस बदलल्याशिवाय ते होत नाही. डिस्चार्ज कार्डावर त्याची ओळ नसते, पण वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं कोणी केलंय ते.

आता तुमच्या बहिणीचं. एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. पैसे आणि मार्क दोन्ही जमत असतील तर मी बीएस्सीच सांगेन, पुढे शिकवायला किंवा परदेशी जायला सोपं पडतं. नाही जमलं तरी बिघडत नाही, जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. प्रवेशाआधी कॉलेजला मान्यता आहे का आणि प्रॅक्टिकलला मुलींना कुठल्या रुग्णालयात पाठवतात, हे स्वतः जाऊन बघा. वॉर्डच नसलेली कॉलेजं फी मात्र पूर्ण घेतात. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लगेच करा. खाजगीत सुरुवातीचा पगार बऱ्याच ठिकाणी फारच कमी असतो, त्याची तयारी ठेवा. आणि नोकरी देताना मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणाले, तर झेरॉक्स द्या. ती चालत नसेल तर दुसरी जागा बघा.