समितीसमोर जाण्याआधी

मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. वाङ्मयचौर्याच्या आरोपावरून कॉलेजच्या शिस्तपालन समितीची नोटीस आल्याबरोबर चार पानी खुलासा लिहून काढलास, असं तू म्हणतोस. अजून पाठवला नसशील तर थांब. घाबरून लिहिलेल्या खुलाशात माणूस नको ते कबूल करून बसतो आणि हवं ते विसरतो. आधी सल्लागार गाठ, म्हणजे तयारीत मदत करणारा आणि सुनावणीत सोबत बसणारा माणूस.

सल्लागार मागितला तर समितीला संशय येईल, ही भीती सोड. १९६० मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा स्टेट कॉलेजने वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांना सुनावणीशिवाय काढून टाकलं होतं. सरकारी कॉलेजने आधी नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी द्यायला हवी, असं तिथल्या अपील न्यायालयाने १९६१ मध्ये ठणकावलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता प्रकरणात परीक्षेतल्या गैरप्रकारांबाबत तेच सांगितलं. तुझं ऐकून घेणं ही कुणाची मेहेरबानी नाही.

सोबत कोण चालतं ते नियमावलीत पाहा: कुठे प्राध्यापक, कुठे विद्यार्थी प्रतिनिधी, कुठे वकीलही. मात्र अनेक ठिकाणी सल्लागाराला समितीपुढे बोलता येत नाही, बोलायचं तुलाच. म्हणून फर्डा वक्ता नको, कागद बारकाईने वाचणारा माणूस शोध. तुझ्यापेक्षा जास्त चिडलेला तर मुळीच नको.

पहिल्या भेटीत नोटीस त्याच्यासमोर मोठ्याने वाच. कोणतं कलम मोडलं हे न सांगता नुसतंच ‘गैरवर्तन’ म्हटलं असेल, तर तपशील लेखी मागा. मुदत अपुरी असेल तर ती संपण्याआधीच वाढवून मागा.

तुझ्यावरचा आरोप वाङ्मयचौर्याचा आहे, तेव्हा साम्य-अहवालातला, म्हणजे तुझा मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो हे संगणकाने काढलेला, टक्का पाहून गळून जाऊ नकोस. त्यात संदर्भसूची, अवतरणं, कधी कधी प्रश्नाचा मजकूरही मोजलेला असतो. पूर्ण अहवाल मागून रंगवलेली ओळ न् ओळ दोघांनी तपासा. मग फाइलची व्हर्जन हिस्टरी उघड. एखादा परिच्छेद आधी दोन अर्धवट वाक्यं होता, नंतर वाढला, मधली ओळ खोडली गेली, हे तिथे तारखेनिशी दिसतं. तुझ्या म्हणण्याला यासारखा दुसरा आधार नाही. त्या फाइलला आता हात लावू नकोस, शुद्धलेखनसुद्धा सुधारू नकोस.

आणि जो परिच्छेद खरंच उचललेला असेल, तो सल्लागाराला आजच दाखव. सुनावणीत पहिल्यांदा कळलं तर तो तरी काय करणार? अर्थात पोलिसांपर्यंत जाईल असं काही असतं, तर आधी वकील गाठ म्हणालो असतो; प्राध्यापकाला सांगितलेलं गुपित राहीलच असं नाही.

सुनावणीत प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार. सल्लागाराशी बोलायला पाच मिनिटं माग, बहुधा मिळतात. निकालपत्र आलं की त्याच दिवशी त्याला पाठव. अपिलाची मुदत छोटी असते आणि तिथे सगळी कहाणी नव्याने ऐकत नाहीत. प्रक्रियेतली चूक, नवा पुरावा किंवा जास्त कडक शिक्षा, एवढ्यावरच साधारणपणे विचार होतो.

नोटिशीची प्रत मलाही पाठव.