'बॉब्ज युअर अंकल'मधला बॉब कोण? इंग्रजी वाक्प्रचारांतली अशी नावं खऱ्या माणसांची असतात का?

काही खरी, बरीचशी मागाहून चिकटवलेली.

तुम्ही विचारलेल्या बॉबची गोष्ट सगळ्यात चविष्ट आणि म्हणूनच संशयास्पद. 'हे कर, ते कर, अँड बॉब्ज युअर अंकल' म्हणजे 'की झालंच काम!' याचं मूळ सांगतात ते असं: १८८७ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी आर्थर बाल्फोर यांना आयर्लंडचे चीफ सेक्रेटरी नेमलं. सॉल्झबरींचं नाव रॉबर्ट, म्हणजे बॉब, आणि ते बाल्फोरचे सख्खे मामा. मामा पंतप्रधान असल्यावर भाच्याचं घोडं अडतंय कशाला? पुढे १९०२ मध्ये पंतप्रधानपदही मामांकडून भाच्याकडेच आलं.

पण हा वाक्प्रचार छापील स्वरूपात दिसू लागतो तो १९२०च्या दशकापासून. वशिलेबाजीवरचा इतका झणझणीत टोमणा तीस-पस्तीस वर्षं एकाही वर्तमानपत्रवाल्याने छापू नये, हे माझ्या काही पचनी पडत नाही. त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकातल्या लंडनच्या भुरट्या लोकांच्या बोलीत 'ऑल इज बॉब' म्हणजे 'सगळं ठीक आहे, धोका नाही' असा प्रयोग होता. मला तोच धागा जास्त बळकट वाटतो.

अशा व्युत्पत्ती तपासायच्या तर आधी तारखा बघायच्या. 'रॉबिंग पीटर टू पे पॉल', म्हणजे याच्याकडून उचलायचं आणि त्याचं देणं भागवायचं. याबद्दल हमखास सांगतात की सोळाव्या शतकात वेस्टमिन्स्टरच्या सेंट पीटरच्या देवळाची मालमत्ता सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या डागडुजीला वळवली, त्यावरून हे आलं. पण चौदाव्या शतकातल्या जॉन विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या लेखनात पीटरला लुटून पॉलला देण्याची भाषा आधीच आहे! पीटर आणि पॉल या ख्रिस्ती संतांची तेव्हा घराघरातली जोडगोळी, दोघांचा सणही एकाच दिवशी, २९ जूनला. दोन्ही नावं प-ची. म्हणीला आणखी काय लागतं?

'टॉम, डिक अँड हॅरी'च्या बाबतीत खरा माणूस शोधूच नका. ते आपले सोम्यागोम्या. थॉमस, रिचर्ड, हेन्री ही गल्लोगल्ली सापडणारी नावं. रिचर्डचा डिक कसा झाला? आधी रिक, मग त्याला यमक जुळवून डिक. रॉबचा बॉब आणि विलचा बिल यांचीही तीच कथा.

आता खराखुरा माणूस. 'हे गाइज' म्हणताना तुम्ही रोज त्याचं नाव घेता. गाय फॉक्स. राजा पहिला जेम्स आणि त्याची अख्खी पार्लमेंट उडवून देण्याच्या कॅथलिक कटातला हा माणूस. ५ नोव्हेंबर १६०५च्या आदल्या रात्री हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या तळघरात तो बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांसह सापडला आणि जानेवारी १६०६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. गंमत म्हणजे कटाचा म्होरक्या तो नव्हताच. तो मान रॉबर्ट केट्सबीचा. पण रंगेहाथ सापडला गाय, त्यामुळे कुप्रसिद्धीही त्याचीच. दर ५ नोव्हेंबरला होळ्या पेटू लागल्या, जुन्यापान्या कपड्यांत गवत-चिंध्या कोंबून त्याचे पुतळे जाळू लागले. त्या पुतळ्याला नाव पडलं 'गाय'. पोरं तो रस्त्यावर मांडून 'पेनी फॉर द गाय' म्हणत फटाक्यांसाठी वर्गणी मागायची. एकोणिसाव्या शतकात विचित्र, गबाळ्या कपड्यांतल्या माणसालाही लोक 'गाय' म्हणू लागले. अमेरिकेत तो गबाळेपणाही गळाला आणि कुठलाही पुरुष 'गाय' झाला. आता तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळ्या बायका असल्या तरी 'यू गाइज' चालतं.

लंडनच्या पोलिसाचा 'बॉबी'ही खरा. १८२९ मध्ये मेट्रोपॉलिटन पोलीस दल उभं करणारे गृहमंत्री रॉबर्ट पील, त्यांच्यावरून. वायरलेसवरचा 'रॉजर' मात्र कोणीच नाही. अक्षर स्पष्ट कळावं म्हणून वायरलेसवर प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरलेला असतो; 'रिसीव्ड' (निरोप मिळाला) मधल्या आर या अक्षरासाठी तेव्हाच्या यादीत असलेलं ते नाव. १९५६ मध्ये यादीत त्याच्या जागी रोमिओ आला, पण बोलण्यातून रॉजर काही हटला नाही.

आणि जॉन डो, म्हणजे इंग्रजीतला अनामिक इसम, तर मुद्दाम जन्माला घातलेला. इंग्लंडच्या कोर्टात जमिनीच्या मालकीचा दावा सरळ लावणं फार किचकट होतं, म्हणून वकिलांनी युक्ती काढली. आपण जमीन जॉन डो नावाच्या कुळाला दिली आणि रिचर्ड रो नावाच्या इसमाने त्याला हुसकावून लावलं, असं कागदावर लिहायचं. कूळ खोटं, हुसकावणारा खोटा, पण निकालापुरती मालकी कुणाची ते ठरवावंच लागायचं. हे नाटक १८५२च्या कायद्याने बंद झालं, नाव मात्र अनोळखी इसमासाठी टिकलं. आपल्याकडे २००२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने फुटबॉल वर्ल्ड कपचं प्रक्षेपण फुकटात दाखवणाऱ्या अज्ञात केबलवाल्यांविरुद्ध असाच 'जॉन डो' आदेश दिला. सिनेमाची पायरसी रोखायला निर्माते आता प्रदर्शनाच्या आधीच तो घेऊन ठेवतात, आणि कोर्टाच्या कागदांत त्या अज्ञात चोराला बऱ्याचदा देशी नाव असतं: अशोक कुमार.