एचडीआरमध्ये इमारतींचे फोटो काढतो. सगळं स्पष्ट येतं, पण फोटो काही सांगत नाही. रचना आणि गोष्ट कशी सुधारावी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलं आहे की बेलापूरला राहता, ट्रायपॉड आहे, पाच-पाच फ्रेमचं ब्रॅकेटिंग करता, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे पाच फोटो घेता, आणि ते नीट जोडून एचडीआर फोटो बनवताही. नवी मुंबई महापालिकेचं मुख्यालय, बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज वसाहत आणि अंबरनाथचं देऊळ अशा तीन ठिकाणी फोटो काढलेत आणि तिन्हींत ‘सगळं दिसतं, पण बघणारा थांबत नाही’. म्हणजे तांत्रिक बाजू तुम्हाला जमली आहे. माझ्या मते अडचण ‘सगळं दिसतं’ इथेच आहे.

मी ठाण्याची. आर्किटेक्ट लोकांसाठी घरांचे आणि इमारतींचे फोटो काढते. तुमची तक्रार माझीही होती आणि तिचं उत्तर मला माझ्या आत्याने दिलं, म्हणून आधी तेच सांगते.

खारकर आळीत आत्याचं जुनं कौलारू घर होतं. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, परसात विहीर. रिडेव्हलपमेंटचा करार झाला तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, पाडायच्या आधी फोटो काढून ठेव. माजघराला एकच खिडकी. एफ/८ आणि आयएसओ १०० धरून एका ठिपक्याएवढ्या जागेचा उजेड मोजणाऱ्या स्पॉट मीटरने मोजलं, तर खिडकीतल्या पेरूच्या झाडाला १/२५० सेकंद आणि फळीखालच्या कोपऱ्याला ४ सेकंद. म्हणजे १० स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने सहा फ्रेम घेतल्या, जोडल्या, सावल्या वर ओढल्या, झाड खाली आणलं. १६ मिलिमीटरच्या लेन्समध्ये खोली अख्खी बसली: झोपाळा, फळीवरची पितळी भांडी, कोनाडा, विजेचा मीटर, कॅलेंडर. मला तो फोटो फार आवडला होता. मोठा छापून नेला.

आत्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "छान आहे गं. पण हे आपलं माजघर नव्हे. आपल्या माजघरात एवढा उजेड कधी होता? भर दुपारी तांदूळ निवडायचे तर सूप घेऊन खिडकीशी बसावं लागायचं."

मी घरी येऊन फोटो पुन्हा पाहिला आणि तिचं म्हणणं पटलं. फळीखालचा कोपरा, झोपाळा, खिडकीखालची फरशी, सगळं सारख्याच उजेडात होतं. कुठे आधी बघायचं, हे सांगणारं त्यात काही उरलंच नव्हतं. आपला डोळा आधी उजेडाकडे जातो, मग हळूहळू काळोखात शिरतो. खोलीतला हा मोठा-धाकटेपणा उजेड स्वतःच ठरवतो, आणि सावल्या वर ओढून मी तोच पुसून टाकला होता. मग चौकट कितीही मोजून लावा, तृतीयांशाचा नियम पाळा, रेषा कोपऱ्यातून आत आणा, नजर भटकतच राहते.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा ओटीवरून माजघराच्या दारात बसले. बसले हे महत्त्वाचं आहे. कॅमेरा जमिनीपासून अडीच फुटांवर होता, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, कारण त्या खोलीत माणसं बसायची. लेन्स ३५ मिलिमीटर. दाराची चौकट पुढे, जवळजवळ काळी. आत खिडकी, खिडकीखाली फरशीवर पडलेला उजेड, त्या उजेडात सूप आणि पाट. झोपाळ्याची फक्त एक कडी दिसते. फळीवरची भांडी दिसत नाहीत, त्यांच्या काठांवर तेवढी चमक आहे. आत्या या फोटोत नाही. तिला तो दाखवला तेव्हा ती पाटाच्या जागेवर बोट ठेवून बोलायला लागली आणि पुढचा तासभर बोलत होती.

इथे एक गैरसमज होऊ शकतो. काळोख हवा म्हणून मी फ्रेम कमी घेतल्या नाहीत. दुसऱ्यांदाही सहाच घेतल्या. कमी फ्रेम घेतल्या तर कोपऱ्यातला काळोख दाणेदार आणि घाण येतो, त्याला शांतपणा येत नाही. काळोख कुठे ठेवायचा हे ठरतं नंतर, टोन मॅपिंग करताना, म्हणजे जोडलेल्या फाइलमधला उजेड-काळोख पडद्यावर मावेल असा बसवताना. जोडलेल्या फाइलमध्ये सगळी माहिती असते, आणि पडद्यावर किंवा कागदावर तिच्यातली किती उतरवायची हे आपण ठरवायचं असतं. टिपताना हात सैल सोडा, दाखवताना मूठ आवळा. मी आता सॉफ्टवेअरमध्ये शॅडो स्लायडरला आधी हातच लावत नाही. सगळ्यात उजळ काय राहणार आणि सगळ्यात गडद काय राहणार, या दोन जागा पक्क्या करते, मग मधलं बघते, आणि वर ओढायचंच असेल तर मास्क लावून, म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग निवडून, तेवढीच जागा ओढते. आपोआप होणाऱ्या टोन मॅपिंगपेक्षा एक्स्पोजर फ्यूजन मला बरं वाटतं. ही पद्धत २००७ साली मांडली गेली. तिच्यात प्रत्येक फ्रेममधला नीट उजळलेला, कॉन्ट्रास्ट आणि रंग चांगला असलेला भाग जास्त वजनाने घेतला जातो. निकाल नैसर्गिक येतो, पण निवड तरीही तुम्हालाच करावी लागते.

निवडीची ही गोष्ट डिजिटलच्या कितीतरी आधीची आहे. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या रंगाला इतक्या संवेदनशील होत्या की समुद्र नीट आला तर आकाश कोरं पांढरं व्हायचं. मग त्याने काही फोटोंत आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा दोन निगेटिव्ह वापरून एक प्रिंट काढली. आपल्या ब्रॅकेटिंगचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. त्याचे ते फोटो बघा. समुद्र बराचसा गडद आहे, ढगांमागून उजेड येतो आणि पाण्याच्या एका पट्ट्यावर पडतो. दोन्ही हाताशी असूनही त्याने दोन्ही सारखे केले नाहीत.

आता ‘गोष्ट’. हा शब्द फार मोघम वापरला जातो, म्हणून मी स्वतःसाठी एक साधी अट घातली आहे. ट्रायपॉड उघडण्याआधी त्या जागेबद्दल एक वाक्य वहीत लिहायचं आणि त्या वाक्यात काहीतरी घडलं पाहिजे. ‘ठाण्यातला सुंदर जुना वाडा’ यात काही घडत नाही, त्यावरून कॅमेरा कुठे ठेवायचा हे कळत नाही. ‘इथे तांदूळ निवडायला खिडकीशी बसावं लागायचं’ म्हटलं की उंची कळते, दिशा कळते, दुपारची वेळ कळते आणि काय काळं सोडायचं तेही कळतं. वाक्य सुचत नसेल तर कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि तिथे राहणाऱ्या कोणाशी तरी बोला.

आर्टिस्ट व्हिलेजला हे करून बघा, तुम्हाला घराजवळ आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी ती वसाहत आखली. सात घरांमध्ये सुमारे आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण; असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि त्यांच्यामध्ये सुमारे बारा मीटरचं मोठं अंगण; मग त्याहून मोठं. एका घराची भिंत दुसऱ्याला जोडलेली नाही, कारण प्रत्येक कुटुंबाला हवं तेव्हा घर वाढवता यावं ही मूळ कल्पना होती. आणि लोकांनी वाढवलं, काहींनी तर जुनं पाडून नवे मजले चढवले. तुम्ही तिथल्या एका उतरत्या छपराच्या घराचा फोटो काढलात, तोही शेजारची उंच इमारत कापून. मला वाटतं गोष्ट नेमकी त्या कापलेल्या भागात होती. मी असते तर वाक्य लिहिलं असतं, ‘अंगण तेवढंच राहिलं, घरं मोठी झाली.’ मग सकाळी अशा वेळी गेले असते जेव्हा नव्या इमारतीची सावली अंगणात पडते आणि जुन्या घराच्या छपराची फक्त कड उन्हात असते. एचडीआरचा तिथे खरा उपयोग आहे: पांढरी भिंत जळत नाही, सावलीतलं अंगण बुजत नाही. पण सावली सावलीच दिसली पाहिजे. ती उन्हाइतकी उजळवलीत की वाक्य खोडलं गेलं.

लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढताना आधी विचारा. विचारल्यावर माणसं बाहेर येतात, बोलतात, कधी फ्रेममध्ये बसायलाही तयार होतात. ब्रॅकेटिंग चालू असताना माणूस हलला की त्याची भुतासारखी दोन-तीन अर्धवट रूपं उमटतात. ही भुतं काढणारी डीघोस्टिंगची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. मी रिकाम्या जागेचं पूर्ण ब्रॅकेटिंग आधी करून घेते, मग कॅमेरा न हलवता माणसासाठी एकच वेगळी फ्रेम काढते आणि मास्कने तेवढाच माणूस त्यात आणते. माणूस नसेल तर त्याची खूण शोधते. चपला, दोरीवरची ओढणी, तुळशीपुढची सकाळची रांगोळी. रस्त्यावरच्या पार्किंगमुळे इमारतीच्या पुढची जागा नेहमी रटाळ येते, तिथे अशी एखादी खूण फार कामाला येते.

अंबरनाथबद्दल जरा सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण उजेडाची गोष्ट इतकी उघडपणे सांगणारी दुसरी वास्तू आपल्या जिल्ह्यात मला माहीत नाही. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० हा काळ आहे, देऊळ शिलाहार राजांच्या काळातलं. बाहेर काळ्या दगडावर इतकं कोरीव काम की नजर ठरत नाही. मग मंडपात शिरलं की काळोख, आणि तिथून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. गाभारा मंडपापेक्षा खाली आहे आणि वर शिखर पूर्ण नाही, त्यामुळे खाली उतरल्यावर उजेड डोक्यावरून येतो. म्हणजे चालता चालता ऊन, काळोख आणि पुन्हा उजेड, असा क्रम आहे. तुम्ही मंडपात उभं राहून सगळं एकाच फोटोत समतोल करायला गेलात आणि तो क्रमच गेला. तीन फोटो काढा. बाहेरच्या फोटोत काळा दगड काळाच राहू द्या. एचडीआरमध्ये तो हमखास राखाडी होतो आणि क्लॅरिटी (मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर) वाढवली की शिल्पं धुळीने माखल्यासारखी दिसतात. त्याऐवजी ऊन तिरपं असताना जा, कोरीवकाम सावलीनेच उठून दिसतं. मंडपातल्या फोटोत खांबाची एक बाजू आणि पायऱ्यांचा सुरुवातीचा काठ एवढंच दिसलं तरी चालेल. गाभाऱ्याकडे पायऱ्यांवरून खाली बघा, म्हणजे वरून येणारा उजेड जिथे पडतो तिथे नजर थांबेल. देऊळ पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉडची परवानगी आधी काढून ठेवा, आणि पूजा चालू असताना कॅमेरा बंद.

काही किरकोळ गोष्टी भराभर सांगते. कॅमेरा वर झुकवू नका, उभ्या रेषा मागे पडतात आणि इमारत कलंडल्यासारखी वाटते. कॅमेरा सरळ पातळीत ठेवून रुंद चौकट घ्या आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा. ब्रॅकेटिंग शटरनेच करा, अॅपर्चर बदललं तर फोकसची खोली प्रत्येक फ्रेमला वेगळी येते. व्हाइट बॅलन्स एकच ठेवा. घरात दिवसाउजेडी फोटो काढताना ट्यूबलाइट बंद करायला सांगा, नाहीतर खिडकीचा निळा आणि ट्यूबचा हिरवट उजेड एकाच भिंतीवर भांडतात. इमारतीच्या कडेला आकाशात पांढरी किनार दिसली की समजा, टोन मॅपिंग जास्त झालं. आणि पावसाळ्यात क्लॅरिटीला फार जपा, आपल्याकडच्या भिंतींवर आधीच ओल आणि शेवाळ असतं, स्लायडर थोडा जास्त गेला की राहतं घर पडीक दिसायला लागतं. तिथे राहणाऱ्या माणसांचा तो अपमान आहे असं मला मनापासून वाटतं.

फोटो तयार झाला की तो कृष्णधवल करून फोनवर टपाल तिकिटाएवढा लहान करून बघा. पहिली नजर कुठे जाते? तुमच्या वाक्यात जे आहे तिथे गेली तर ठीक. कुठेच थांबत नसेल तर रंग आणि धार वाढवू नका, काहीतरी गडद करा.

राहिलं महापालिका मुख्यालय. घुमट, खांब, समोरचा उंच झेंडा, सगळं तुमच्या फोटोत आहे आणि ते भर दुपारचं आहे. सूर्यास्तानंतर साधारण २० मिनिटांनी जा. तेव्हा आकाशाचा निळा आणि आतल्या दिव्यांचा पिवळा जवळजवळ सारख्या ताकदीचे होतात, तीन फ्रेममध्ये काम भागतं. पण त्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी कॅमेरा न घेता फाटकाशी अर्धा तास उभे राहा. हातात कागदांची पिशवी घेऊन कामासाठी आलेला माणूस ती इमारत कुठून बघतो, कुठे थबकतो, वर मान करून बघतो का, हे पाहा आणि वाक्य लिहा. मग संध्याकाळी ट्रायपॉड त्याच्या जागी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. फोटो काढलात की इथेच टाका, मी बघेन.